ओनिगिरी सुटते कुठे? तांदूळ निवडण्यापासून डबा भरेपर्यंतची सगळी कृती

ओनिगिरी म्हणजे हाताने वळलेला, बहुधा त्रिकोणी असा जपानी भाताचा गोळा. घरी ती करून पाहणाऱ्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. हातात धरली की सुटते. वरून खारट आणि आतून सपक लागते. सकाळी केलेली दुपारी खायला घेतली तर भात टरटरीत. नोरी, म्हणजे वर गुंडाळायचा वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा कागदासारखा ताव, इतकी वातड की दातांनी तुटत नाही, ओढली की अख्खी निघून येते. मग पुढच्या खेपेला माणूस जास्त जोर लावून दाबतो, त्रिकोण छान दिसतो आणि खाताना भाताचा घट्ट गोळा तोंडात फिरत राहतो.

त्रिकोण वळायला अर्धं मिनिटही लागत नाही, पण शिकताना सगळं लक्ष तिथेच जातं. त्याआधीच्या दीड-पावणेदोन तासांत ओनिगिरी जमणार की फसणार हे ठरलेलं असतं. म्हणून खाली तांदूळ, पाणी आणि भात यांवर जास्त लिहिलंय, आकारावर त्या मानाने कमी.

एक घोटाळा आधीच मिटवू. ओनिगिरीचा भात हा सुशीचा भात नव्हे. त्यात व्हिनेगर पडत नाही, साखर पडत नाही. साधा जपानी भात, बाहेरून मीठ, मध्ये थोडं सारण, वर नोरी, एवढंच. सुशीसाठी कालवलेला भात उरला म्हणून त्याच्या ओनिगिऱ्या वळल्या तर आंबट-गोड चवीचा भलताच पदार्थ होतो.

टप्पा १: तांदूळ

इथे चुकलं तर पुढचं काही वाचून उपयोग नाही.

हवा तो आखूड, जाडसर दाण्याचा जपानी तांदूळ. कोशिहिकारी, आकिताकोमाची, हितोमेबोरे ही सहज मिळणारी वाणं. यांत अमायलोज हा स्टार्चचा प्रकार कमी असतो, त्यामुळे शितं एकमेकांना धरतात आणि गार झाल्यावरही मऊ राहतात. ओनिगिरी बहुतेक वेळा गारच खाल्ली जाते, म्हणून हा दुसरा गुण पहिल्याइतकाच महत्त्वाचा. जपानबाहेर राहत असाल तर कॅलिफोर्नियाचा कॅलरोझ चालतो. तो मध्यम दाण्याचा असतो, थोडा कमी चिकट, पण काम भागतं.

बासमती, कोलम, जास्मिन यांचं नाव काढू नका. कितीही पाणी घालून गिजगा केला तरी तो ओनिगिरीचा भात होत नाही. गरम असताना गोळा होईल, गार झाला की फुटेल.

महाराष्ट्रात जपानी तांदूळ महाग पडतो किंवा मिळतच नाही, तेव्हा हात इंद्रायणीकडे जातो आणि ते बरोबरही आहे. इंद्रायणीची ओनिगिरी वळता येते, वासही सुरेख येतो. फक्त ती ताजी, कोमट असताना खायची. सकाळी करून दुपारच्या डब्यात न्यायला ती टिकत नाही, कडक होते. आंबेमोहोरही धरतो, पण त्याचा दाणा नाजूक. धुताना आणि वळताना मोडतो.

सावध: वाण्याकडे "जुना तांदूळ द्या" म्हणायची आपली सवय इथे उलटी पडते. जुना तांदूळ मोकळा होतो. ओनिगिरीला नवा हवा. जपानमध्ये शरद ऋतूत नवा तांदूळ बाजारात येतो आणि पिशवीवर तसं ठळक छापलेलं असतं.

आणखी एक सावधगिरी: "चिकट तांदूळ" म्हणून विकला जाणारा मोचीचा (भात कुटून केलेल्या चिवट जपानी गोळ्यांचा) तांदूळ वेगळा असतो. त्याचे दाणे कच्चे असताना दुधी पांढरे, अपारदर्शक दिसतात. साध्या जपानी तांदळाचे दाणे थोडे पारदर्शक असतात. पिशवी उजेडात धरली की फरक कळतो.

टप्पा २: माप

जपानी राइस कुकरसोबत येणारा कप १८० मिलीचा असतो. त्याला एक गो म्हणतात आणि त्यात साधारण १५० ग्रॅम तांदूळ मावतो. जपानी पाककृतींतला नेहमीचा कप मात्र २०० मिलीचा. अमेरिकन पाककृतीतला २४० च्या आसपास. तीन कप, तिन्हींना नाव एकच. "सांगितलं तसंच केलं, तरी भात बिघडला" या तक्रारींपैकी बऱ्याचशा इथेच उगम पावतात. तराजू असेल तर वजनच करा.

सुरुवातीला दोन गो, म्हणजे ३०० ग्रॅम तांदूळ घ्या. शिजून साडेसहाशे ते सातशे ग्रॅम भात होतो. शंभर ग्रॅमची एक याप्रमाणे सहा-सात ओनिगिऱ्या निघतात.

पाणी: रोज जेवायच्या भाताला ३०० ग्रॅमला सुमारे ४०० मिली लागतं. ओनिगिरीसाठी ते थोडं कमी करायचं, ३७० ते ३८०. तांदूळ अगदी नवा असेल तर आणखी दहा-वीस मिली कमी. कुकरच्या भांड्यात आतल्या बाजूला गोच्या रेषा असतात. पाणी दोनच्या रेषेच्या किंचित खाली ठेवा.

इंद्रायणीला हे प्रमाण लावू नका, भात कच्चा राहील. तिथे ३०० ग्रॅमला ५०० ते ५५० मिलीपासून सुरुवात करून आपल्या तांदळाप्रमाणे पुढच्या वेळी कमी-जास्त करायचं. बोअरच्या जड पाण्यात भात कोरडा होतो, तेव्हा शक्यतो फिल्टरचं पाणी वापरा.

टप्पा ३: धुणं

कोरडा तांदूळ पहिलं पाणी फार वेगाने शोषतो. त्या पाण्यात कोंड्याचा वास असतो. म्हणून पहिलं पाणी भरपूर घालायचं, हाताने दोनदा ढवळायचं आणि लगेच ओतून टाकायचं. दहा सेकंदांच्या वर नको. नळाखाली भांडं धरून, फोनवर बोलत बोलत तांदूळ धुतला की हा वास दाण्यात जातो आणि भात गार झाल्यावर नाकाला जाणवतो.

पाणी काढल्यावर, तांदूळ नुसता ओला असताना, बोटं चेंडू धरल्यासारखी वाकवून भांड्यात गोल फिरवा. पंधरा-वीस फेरे. दाणे दाण्यांवर घासले जायला हवेत, तळव्याखाली चिरडले जायला नकोत. मग पाणी घाला, ढवळा, ओता. हे दोन-तीन वेळा.

तपासणी: शेवटच्या पाण्यातून तळाचे दाणे अंधुक दिसले की थांबा. पाणी नितळ होईपर्यंत धूत राहणं ही चूक आहे. तेवढं धुतलं तर दाणे मोडतात आणि भात चिकटण्याऐवजी पचपचीत होतो.

रोवळीत किंवा चाळणीत ओतून पाच मिनिटं निथळू द्या. यापेक्षा जास्त वेळ उघडा ठेवला तर दाणे वाळून तडकतात.

टप्पा ४: भिजवणं

निथळलेला तांदूळ मोजलेल्या पाण्यात भिजत घाला. उन्हाळ्यात अर्धा तास, थंडीत एक तास. याच पाण्यात तो शिजवायचा आहे, ओतून द्यायचं नाही.

घाईच्या वेळी हाच टप्पा गाळला जातो. मग दाणा बाहेरून शिजून फुलतो आणि आत कणी राहते. असा भात वळताना ठीक वाटतो, पण तासाभरात कडक व्हायला लागतो. बऱ्याच जपानी कुकरच्या नेहमीच्या शिजवण्यात भिजवायचा वेळ धरलेला असतो. झटपट शिजवण्याच्या बटणात तो नसतो. आपण कुठलं बटण दाबतोय ते एकदा पाहून घ्या.

तपासणी: भिजलेला दाणा पूर्ण पांढरा दिसतो आणि नखाखाली दाबला की सहज मोडतो.

टप्पा ५: सारण (हो, भाताच्या आधी)

तांदूळ भिजतोय तोवर सारण तयार करून ताटलीत काढून ठेवायचं. भात झाल्यावर डबे शोधत बसलात तर भात गार होतो, आणि गार भात वळत नाही.

सारणाचा नियम एकच: ते कोरडं हवं आणि खारं हवं. ओलसर सारणाचं पाणी भातात उतरतं आणि आतून गोळा सुटतो. चव नेहमीपेक्षा एक पायरी तिखट-खारट ठेवा, कारण एका चमच्याला शंभर ग्रॅम भात तोलायचा असतो.

उमेबोशी, म्हणजे खारवून वाळवलेलं जपानी उमे फळ. बी काढून टाका. बी तशीच ठेवली तर कोणाचा तरी दात जायचा. पारंपरिक उमेबोशीत मीठ अठरा-वीस टक्क्यांपर्यंत असतं. मध घातलेली गोडसर उमेबोशी खायला सोपी, पण तिच्यात मीठ खूप कमी, त्यामुळे ती टिकतही नाही.

खारवलेला साल्मन: भाजून, काटे काढून, मोठे तुकडे ठेवा. अगदी बारीक कुस्करला तर भातात हरवतो.

ट्यूना-मेयो: जपानच्या सेव्हन-इलेव्हनने हे सारण १९८३ मध्ये आणलं आणि आता ते जपानी मुलांच्या खास आवडीचं आहे. घरी ते हमखास गळतं. डब्यातलं तेल किंवा पाणी नुसतं ओतून भागत नाही. ट्यूना चाळणीत घेऊन चमच्याने दाबून पिळा. मेयोनेज जेमतेम गोळा धरेल एवढंच. दोन-चार थेंब सोयासॉस.

ओकाका: कात्सुओबुशी, म्हणजे वाळवलेल्या बोनिटो माशाचे कागदासारखे कीस, सोयासॉसमध्ये कालवून. सॉस इतकाच की कीस ओले होतील. वाटीच्या तळाशी सॉस साचता कामा नये.

शाकाहारी वाचकांसाठी इथे थांबतो, कारण जपानमध्ये राहायला गेलेली मराठी मंडळी नेमकी इथे फसतात. उमेबोशी हे फळ आणि कोम्बु ही समुद्री वनस्पती, म्हणून या दोन ओनिगिऱ्या डोळे मिटून घेतल्या जातात. पण दुकानातल्या कोम्बुच्या सारणात माशाचा अर्क असू शकतो, आणि उमेबोशीच्या काही प्रकारांत कात्सुओबुशी कालवलेली असते. घटकांच्या यादीवर फोनचं भाषांतर ॲप धरा आणि कात्सुओ, दाशी (जपानी स्वयंपाकातलं सार, बहुतेकदा माशाचं), माशाचा अर्क असं काही दिसतंय का पाहा. घरी करायची तर कोम्बु सोयासॉस आणि थोड्या साखरेत आटवून घ्या. ते सारण चार दिवस फ्रीजमध्ये राहतं.

लोणचं घालून पाहायचा मोह होतोच. घाला, पण फोड कागदावर दाबून तेल टिपून घ्या आणि खार घेऊ नका. तेल लागलेली शितं एकमेकांना चिकटत नाहीत. शेंगदाण्याची कोरडी चटणी मात्र झकास बसते.

टप्पा ६: शिजवणं आणि मुरणं

कुकर इलेक्ट्रिक असेल तर बटण दाबा आणि बाजूला व्हा.

गॅसवर करायचा तर जाड बुडाचं पातेलं आणि घट्ट झाकण हवं. मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटांत उकळी आणा. उकळी फुटली की आच मंद करून दहा ते बारा मिनिटं. मग गॅस बंद आणि झाकण न काढता आणखी दहा-पंधरा मिनिटं. झाकण एकदाही उघडायचं नाही. आत काय चाललंय ते आवाजावरून ओळखा. बुडबुड थांबून बारीक चटचट ऐकू आली म्हणजे पाणी संपलं.

प्रेशर कुकरच्या शिट्ट्यांवर हा भात करू नये असं माझं मत. होतो, पण या तांदळाला तेवढा दाब लागत नाही, दाणे फुटतात, आणि फुटलेल्या दाण्यांचा गोळा म्हणजे लापशीच.

मुरवून झालं की लगेच उकरायचं. भातवाढी ओली करून भाताचे आडवे-उभे चार भाग करा. एकेक भाग तळापासून उचलून उलटा टाका, भातवाढीच्या धारेने हलके छेद द्या. घोटू नका. यात जादा वाफ बाहेर पडते आणि तळाचा घट्ट भात वरच्या मोकळ्या भाताशी एकसारखा होतो. हे केलं नाही तर एकाच पातेल्यातली एक ओनिगिरी ओली आणि दुसरी कोरडी निघते.

तपासणी: शितं चकचकीत, वेगवेगळी दिसणारी, पण बोटांत धरली की चिकटणारी. शितांवर पाण्याचा पातळ थर दिसत असेल तर भात परातीत पसरून दोन मिनिटं वाफ जाऊ द्या. तेवढ्याने बऱ्यापैकी सुधारतो.

टप्पा ७: हात, पाणी, मीठ

ओट्यावर या क्रमाने मांडा: पाण्याची वाटी, मिठाची वाटी, भात, सारण, रिकामी जाळी. नोरी दूर, कोरड्या जागी.

भात कितपत गरम हवा? हाताला चटका बसतो पण धरवतो, इतका. शंभर-शंभर ग्रॅमचे भाग वाट्यांत काढून ठेवले तर एवढ्यातच तो त्या बेताला येतो. पूर्ण कोमट होण्याची वाट पाहिली तर शितांचा चिकटपणा जातो आणि मग दाबावं लागतं. सगळा घोळ तिथून सुरू होतो.

हात साबणाने धुतलेले, अंगठ्या काढलेल्या. पाण्यात बुडवून झटका. तळहात ओलसर हवेत, ठिबकणारे नकोत. ठिबकत्या हातांनी मीठ विरघळून वाहून जातं आणि भाताचा वरचा थर बुळबुळीत होतो. आता तीन बोटांच्या चिमटीत मीठ घेऊन दोन्ही तळव्यांवर चोळा, साधारण अर्धा ग्रॅम. प्रत्येक ओनिगिरीला नव्याने पाणी, नव्याने मीठ. पहिलीला मीठ लावलं आणि त्याच हातांनी पुढच्या चार वळल्या की शेवटच्या सपक लागतात, मग दोष तांदळाला.

बारीक समुद्री मीठ सगळ्यात बरं. जाड खडे नीट पसरत नाहीत, दाताखाली येतात.

सावध: हाताला जखम, फोड किंवा चीर असेल तर उघड्या हातांनी वळू नका. जखमेतल्या स्टॅफिलोकोकस जंतूंचं विष भातात तयार झालं की ते नंतर गरम करूनही जात नाही. डब्यात न्यायची असेल तर हात धडधाकट असले तरी स्वयंपाकाच्या प्लास्टिक फिल्ममध्ये वळावी. जपानमध्येही घरोघरी आता असंच करतात. फिल्मचा हातभर तुकडा घ्या, त्यावर मीठ भुरभुरा, भात ठेवा, कडा गोळा करून बाहेरून आकार द्या. वळून झाली की फिल्म उघडा. तशीच गुंडाळून ठेवली तर आतली वाफ पाणी होऊन भातावरच बसते.

टप्पा ८: वळणं

१. डाव्या तळव्यावर निम्म्याहून थोडा जास्त भात घ्या. मध्ये अंगठ्याने उथळ खळगा करा. आरपार नको.

२. खळग्यात चमचाभर सारण. कडांना लागू देऊ नका.

३. उरलेला भात वर ठेवा आणि दोन्ही हातांनी सारण झाकलं जाईल असा सैल गोळा करा. अजून आकार द्यायचा नाही.

४. आता डाव्या हाताची चारही बोटं किंचित वाकवून ओनिगिरीची सपाट बाजू धरा. या हाताने जाडी ठरते. उजवा हात वरून छपरासारखा ठेवा, बोटं आणि तळवा यांत काटकोनापेक्षा थोडा कमी कोन. या हाताने टोक येतं.

५. एकदा दाबा, सोडा. टोक आपल्याकडे वळवून गोळा एक तृतीयांश फिरवा. दाबा, सोडा. पुन्हा फिरवा, दाबा. तीन टोकं झाली. याच्या दोन फेऱ्या, फार तर तीन.

थांबायचं कधी हे कळणं सगळ्यात अवघड. आपल्या हातांना लाडू आवळायची सवय असते. ओनिगिरी आवळायची नाही. बाहेरची शितं एकमेकांना धरतील आणि आतली सैल राहतील, इतकाच दाब. तोंडात घास गेला की भात मोकळा व्हायला हवा. टोकं जरा बोथट राहिली तरी चालतील.

तपासणी: झालेली ओनिगिरी ताटलीत ठेवा. स्वतःच्या वजनाने किंचित बसली पण तडा गेला नाही, तर बरोबर. ताठ उभी राहिली आणि पृष्ठभागावर शितांचा आकारच दिसेनासा झाला, तर जोर जास्त लागला. कडेला भेग पडली, तर भात गार झाला होता किंवा सारण कडेला आलं होतं.

त्रिकोण जमेना तर सोडून द्या. चपटी गोल करा, किंवा कानसाइ भागात, म्हणजे ओसाका-क्योतोकडे, करतात तशी तांदळाच्या गोणीसारखी लांबट. डब्यात ही लांबट उलट नीट बसते. साच्यात केलेली ओनिगिरी दिसायला रेखीव होते, पण साचा भरताना भात दाबला जातोच; वापरायचाच तर वरपर्यंत भरू नका.

टप्पा ९: नोरी

नोरीचा पूर्ण ताव १९ बाय २१ सेंटिमीटरचा असतो. त्याच्या तीन पट्ट्या केल्या की एका ओनिगिरीला एक पुरते. एक बाजू चकचकीत, दुसरी खडबडीत. खडबडीत बाजू भाताकडे, चकचकीत बाहेर.

पाकीट उघडून काही दिवस झाले असतील तर नोरी गॅसच्या मंद आचेवरून दोन-तीन सेकंद झरझर फिरवा. ती कुरकुरीत होते आणि वास उठतो. एका जागी धरली तर आक्रसते.

गुंडाळायची कधी? हे कधी खाणार त्यावर ठरतं. लगेच खायची तर खाण्याच्या क्षणी गुंडाळा. डब्यात न्यायची आणि कुरकुरीत हवी तर नोरी वेगळी न्या. भाताला मुरलेली, मऊ नोरी आवडणारेही पुष्कळ आहेत. त्यांनी ओनिगिरी वाफ जाऊन कोमट झाल्यावर गुंडाळावी. वाफाळत्या भातावर गुंडाळलेली नोरी मात्र कोणालाच आवडत नाही, ती आक्रसून वातड होते.

दोन इशारे. कोळंबी-खेकड्यांची ॲलर्जी असेल तर नोरीच्या पाकिटावरची सूचना वाचा. ज्या पाण्यातून ती काढतात तिथे हे प्राणी असतात असं बऱ्याच पाकिटांवर छापलेलं असतं. आणि लहान मुलांना अख्खी पट्टी लावून देऊ नका. ओली नोरी टाळूला आणि घशाला चिकटते. बारीक तुकडे करून भातात मिसळा.

टप्पा १०: डबा आणि साठवण

वळलेल्या ओनिगिऱ्या जाळीवर ठेवून गार करा, नंतरच गुंडाळा. गरम ओनिगिरी डब्यात टाकून झाकण लावलं की आत पाणी सुटतं. जंतूंना तेवढं पुरतं.

गार जागी, पंचवीस अंशांच्या आत, चार-पाच तासांत संपवा. जपानमध्ये जूनपासूनचे पावसाळी दिवस आणि पुढचा उन्हाळा, मुंबईत तर वर्षातला बहुतेक काळ, डब्यासोबत बर्फाची पिशवी हवीच. या दिवसांत ट्यूना-मेयो आणि भाज्या मिसळलेला भात टाळा. "आत उमेबोशी आहे, खराब होणार नाही" हा समज पक्का आहे आणि चुकीचा आहे. उमेबोशीचा उपयोग तिला लागलेल्या चार शितांपुरता. टोकाकडच्या भाताला तिचा पत्ताही नसतो.

फ्रीजमध्ये ठेवू नका. शून्य ते पाच अंशांच्या आसपास शिजलेला स्टार्च सगळ्यात वेगाने कडक होतो. म्हणून रात्री फ्रीजमध्ये ठेवलेली ओनिगिरी सकाळी टरटरीत लागते. दुसऱ्या दिवसासाठी हवी असेल तर कोमट असतानाच फिल्ममध्ये एकेक गुंडाळून सरळ फ्रीझरमध्ये टाका, नोरी न लावता. सारण साल्मन किंवा ओकाकाचं असावं. मेयोनेज गोठल्यावर फुटतं. खाताना मायक्रोवेव्हमध्ये पूर्ण वाफ येईपर्यंत गरम करा. बाहेर ठेवून वितळू देऊ नका, आतला भात कडकच राहतो.

विकतची उघडताना

जपानी कोम्बिनीतल्या, म्हणजे चोवीस तास चालणाऱ्या छोट्या दुकानांतल्या त्रिकोणी ओनिगिरीत भात आणि नोरी यांच्यामध्ये फिल्मचा पडदा असतो, म्हणून नोरी कुरकुरीत राहते. वेष्टनावर १, २, ३ हे आकडे असतात आणि क्रम पाळावाच लागतो. आधी वरच्या टोकाची पट्टी धरून खाली, मागच्या बाजूने वळसा घालून पूर्ण काढा. मग २ चा कोपरा धरून एका बाजूची फिल्म आडवी ओढा. ओढताना दुसऱ्या हाताने ओनिगिरी हलकेच धरा. शेवटी ३. पट्टी अर्धवट काढून कोपरा ओढला की निम्मी नोरी फिल्मसोबत जाते. होक्काइदोत दुकानदार ती गरम करून देऊ का असं विचारतात; हो म्हणालात तर कुरकुरीत नोरीची आशा सोडा, भात मात्र छान मऊ होतो.

कडक झालेल्यांचं काय करायचं

भाजून याकी-ओनिगिरी. मुद्दाम भाजण्यासाठी करणार असाल तर थोडं जास्त दाबून वळा, आणि सारण नकोच. तव्याला तेलाचा हात लावून मंद आचेवर आधी कोरडीच भाजा, दोन्ही बाजूंना पातळ कडक पापुद्रा येईपर्यंत, साधारण पाच-पाच मिनिटं. घाईने पलटली तर भात तव्याला धरतो आणि मोडतो; पापुद्रा आला की ती आपसूक सुटते. मगच ब्रशने सोयासॉस लावायचा, पलटायचं, अर्ध्या मिनिटाने दुसऱ्या बाजूला. सॉस आधी लावला तर भात भिजून सुटतो आणि सॉस करपतो. दोन हात पुरेत, तिसरा दिला की खारट होते.

एखादी पलटताना मोडलीच तर वाटीत घ्या, उमेबोशीचा तुकडा आणि नोरीचे तुकडे टाका, वरून गरम ग्रीन टी ओता. जपानी घरांत याला ओचाझुके म्हणतात आणि ती चमच्याने नाही, वाटी तोंडाला लावून चॉपस्टिकने खातात.